दहीवाल्याचा मान

जुन्या मराठी सामाजिक नाटकात घरगड्याला फारसं काम नसे. पडदा वर जाई तेव्हा तो दिवाणखान्यातल्या खुर्च्या फडक्यानं झटकत असे. फोन वाजला की "साहेब घरी नाहीत" असं सांगे, आणि साहेब घरातच आहेत हे तेवढ्यानं प्रेक्षकांना कळे. नाव बहुधा रामा. आडनावाचा प्रश्न येत नसे. दुसऱ्या अंकात चहाचा ट्रे, तिसऱ्या अंकात तार, की संपलं त्याचं काम. नट नवशिका असला तर ट्रे घेऊन भलत्याच प्रवेशात शिरे आणि तेवढाच एक हशा स्वतःच्या हक्काचा मिळवून जाई. नाटक कितीही पुरोगामी असो, विधवाविवाहाचं असो की स्त्रीस्वातंत्र्याचं, चहा रामाच आणी. आणि दिवाणखान्यात चाललेल्या त्या क्रांतीबद्दल रामाचं मत काय, हे विचारायचं कुणाला सुचत नसे.

अशा नाटकांवर पोसलेला माणूस रवींद्रनाथ ठाकुरांचं 'डाकघर' वाचायला घेतो आणि अडखळतो. १९११ साली लिहिलेलं, पुढच्या वर्षी छापलं गेलेलं हे छोटंसं नाटक. त्याचा नायक अमल हा एक आजारी मुलगा. आईबाप नाहीत, माधव दत्त नावाच्या गृहस्थानं त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं. वैद्यबुवा शास्त्रातले दाखले देऊन सांगून गेलेत की शरदातलं ऊन आणि वारा ही दोन्ही या मुलाला विषासमान. तेव्हा घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. शास्त्राचा आधार असला की वैद्याला रोग्याकडे फार वेळ बघावं लागत नाही, ही सोय तेव्हाही होती. मुलगा रस्त्याकडच्या खिडकीत बसून राहतो, आणि रस्त्यावरून एक दहीवाला आपल्या मालाची हाळी देत चाललेला असतो.

अमल त्याला हाक मारतो. दहीवाला थांबतो आणि धंद्याचा सरळ प्रश्न विचारतो: दही घ्यायचंय का? अमलकडे पैसे नाहीत. मग माझा खोळंबा कशाला करतोस, म्हणून दहीवाला वैतागतो. इथपर्यंतचा प्रसंग पुण्याच्या कुठल्याही पेठेत घडला असता. पण अमल सांगतो की जमलं असतं तर मी तुझ्याबरोबरच निघालो असतो. हे ऐकून दहीवाला खांद्यावरची कावड खाली ठेवतो.

नाटक वाचताना हे कावड खाली ठेवणं नजरेतून निसटू शकतं. फिरत्या विक्रेत्यानं ओझं उतरवणं म्हणजे वेळ खर्चणं, आणि समोर गिऱ्हाईक नसताना तो वेळ कुणी खर्चत नाही. इथून पुढे दह्याचा विषय मागे पडतो. दहीवाल्याचं गाव कुठलं? पाचमुडा डोंगराच्या पायथ्याशी, शामली नदीच्या काठी. अमल ते गाव कधी न बघता त्याचं वर्णन करू लागतो: जुनी मोठी झाडं, लाल मातीचा रस्ता, चरणारी गुरं, नदीवर पाणी भरायला येणाऱ्या बाया. दहीवाला चकित होतो, कारण सगळं बरोबर आहे. मग अमल आपला बेत सांगतो. त्याला मोठेपणी दही विकायचंय, असंच गावोगाव हिंडायचंय, आणि त्यासाठी ती हाळी नेमक्या सुरात कशी द्यायची ते दहीवाल्यानं शिकवावं.

दहीवाल्याला धक्का बसतो. तू चार पुस्तकं शिकून पंडित होशील, दही कशाला विकशील? हा प्रश्न अगदी आपल्याकडच्या आईबापांचा आहे, फक्त तो इथे दहीवालाच विचारतो. अमलला पंडित व्हायचंच नाही. शेवटी दहीवाला त्याला एक भांडं दही फुकट देतो आणि सांगून जातो की दही विकण्यात किती सुख आहे ते आज तुझ्याकडून शिकलो.

या दहीवाल्याकडे आजवर लोकांनी घासाघीस केली असेल, उधारी ठेवली असेल, आंबट निघालं म्हणून चार शब्द सुनावले असतील. एखाद्या कनवाळू बाईनं उन्हात पाणीही दिलं असेल. पण त्याचा हेवा कुणी केला नसेल. रवींद्रनाथांच्या मानवतावादावर व्याख्यानं पुष्कळ झाली. त्यांनी स्वतःही १९३० साली ऑक्सफर्डला हिबर्ट व्याख्यानं दिली. त्या व्याख्यानांचं पुस्तक जाड आहे आणि त्यावरची पुस्तकं आणखी जाड. मला ते सगळं या खिडकीपाशी सापडतं. गरिबाची कीव करणारी पात्रं नाटकांत ढिगानं असतात आणि प्रेक्षक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतात. 'तुझ्यासारखं जगायला मिळालं तर काय बहार होईल' असं दही विकणाऱ्याला मनापासून सांगणारं पात्र मला दुसरीकडे भेटलेलं नाही.

अमल हा हेवा सर्वांना सारख्या मापानं वाटतो. घंटा वाजवणाऱ्या पहारेकऱ्याला तो सोडत नाही, फुलं वेचायला निघालेल्या माळिणीच्या सुधाला सोडत नाही, राजाची पत्रं घेऊन डोंगर ओलांडणारे हरकारे तर त्याचे हिरो. गावचा मुखिया तेवढा स्वतःला फार मोठा समजतो. आपल्याकडे अशा माणसाच्या नावाचे फ्लेक्स लागतात. हा मुखिया राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या पोराची टिंगल करायला कोरा कागद पुढे करतो आणि म्हणतो, घे, राजाचं पत्र आलंय तुला. अमल उलट त्याच्याच पायाची धूळ घेतो. त्याला वाटत असतं की मुखिया आपल्यावर रागावलेला आहे, आणि आता तर त्यानं स्वतः पत्र आणून दिलं! कुचेष्टा करायला आलेल्या माणसालाही इतक्या सभ्यपणे वागवलं जातं की मुखियाला आपला विनोद कुठे ठेवावा कळत नाही.

आमच्या सोसायटीत हल्ली दही ॲपवरून येतं. डब्यावर सगळं छापलेलं असतं: स्निग्धांश किती, कुठल्या तारखेच्या आत खावं, तक्रार कुठे करावी. आणणाऱ्या मुलाचं नाव फोनवर उमटतं आणि त्याला पाचांपैकी किती तारे मिळालेत तेही. त्याची मुंगीएवढी स्कूटर नकाशावर सरकताना आपण बसल्या जागी पाहतो. अमलला दहीवाल्याबद्दल एवढी माहिती नव्हती. पण 'तुझं गाव कुठल्या डोंगराखाली?' हे विचारायला त्या ॲपमध्ये रकाना नाही. दारात विचारलंच तर पोरगा घाबरतो. त्याला वाटतं काका आता तारे कापणार. आणि उशीर झाला तर काका कापतातही. वॉचमनचं तर विचारूच नका. तो रात्री झोपतो यावर ग्रुपवर दीडशे मेसेज पडतात. तो दिवसा कुठे झोपतो, यावर एकही नाही.

'डाकघर'च्या एका प्रयोगाला आपल्याकडचा एक बडा प्रेक्षक होता. १९१७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन कलकत्त्याला भरलं, अध्यक्ष ॲनी बेझंट. त्या निमित्तानं जोडासांकोच्या ठाकुरवाड्यात पाहुण्यांसाठी प्रयोग झाला आणि नाटकातल्या थट्टेखोर ठाकुरदाची, म्हणजे आजोबांची, भूमिका खुद्द रवींद्रनाथांनी केली. समोर बसलेल्यांत बेझंटबाई, गांधीजी, मदनमोहन मालवीय आणि लोकमान्य टिळक. लोकमान्य काही ललित गोष्टींत रमणारा माणूस म्हणून प्रसिद्ध नाहीत. पण मंडालेहून सहा वर्षांचा तुरुंग भोगून येऊन त्यांना तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती. खोलीत कोंडलेल्या जिवाला बाहेरची एक हाळी काय वाटते, हे त्या सभागृहात त्यांना तरी समजावून सांगायची गरज नव्हती.

रवींद्रनाथांना खिडक्यांचं वेडच होतं म्हणा. 'डाकघर'च्याच सुमाराच्या 'अचलायतन' नाटकात एक मठ आहे. त्याची उत्तरेकडची खिडकी शेकडो वर्षं कुणी उघडलेली नाही. सुभद्र नावाचा लहानगा बटू कुतूहलापोटी ती उघडतो आणि बाहेर बघतो. बाहेर काय दिसलं? डोंगर दिसले, गुरं चरताना दिसली. झालं, महापाप! मग आचार्य, उपाचार्य आणि इतर मंडळींची प्रायश्चित्त कोणतं यावर जी चर्चा सुरू होते, ती नियमावली हातात घेऊन भरलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही मीटिंगला शोभेल. गंमत पुढेच आहे. त्या पोराला सोडवायला माणसं धडपडतात, तर पोरगंच रडून सांगतं की मला प्रायश्चित्त द्या. गुन्हा कसला हे कळण्याआधी अपराधी वाटायला शिकवणं, हे शिक्षण तिथे उत्तम चाललेलं असतं.

रवींद्रनाथ नावाचा हा माणूस जमीनदाराच्या घरात जन्मला, वाड्यात नोकरचाकरांच्या राज्यात वाढला, हे विसरून चालत नाही. त्याच्या नजरेला हे छोटे लोक कुठून दिसू लागले? धागा शोधायचाच तर तो आपल्या बाजूला येतो. थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे आयसीएस झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात गेली, आणि कारवार तेव्हा याच इलाख्यात होतं. १८८३ च्या सुमाराला बावीस वर्षांचे रवींद्रनाथ भावाकडे कारवारला राहायला आले आणि समुद्राकाठी त्यांनी 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाट्यकाव्य लिहिलं. त्यात एक संन्यासी आहे. जगाचा मोह जिंकून तो गुहेबाहेर येतो, आणि गावानं विटाळ मानून झिडकारलेली एक अनाथ पोर त्याला बाप म्हणून बिलगते. सगळी मायाबिया जिंकलेला हा पुरुष त्या पोरीच्या मायेपुढे टिकत नाही आणि तिला टाकून पळ काढतो. शहाणपण येऊन परततो तोवर पोर मेलेली असते. नाटक म्हणून ते कच्चंच आहे. पण शिवायचं नाही अशी मुलगी आणि तिच्यापुढे उघडं पडणारं मोठ्यांचं मोठेपण, हे पुढे पन्नास वर्षांनी 'चंडालिका'त पुन्हा आलं आणि तेव्हा पक्कं होऊन आलं.

'चंडालिका' १९३३ चं. त्याची नृत्यनाटिका १९३८ ची, आणि तिच्यात आपला दहीवाला पुन्हा भेटतो. निदान मला तरी तो तोच वाटतो. गाव बदललं, गिऱ्हाईक बदललं. सुरुवातीलाच तो दही विकत येतो. प्रकृती नावाची मुलगी पुढे होऊन दही मागते. लगेच बाकीच्या ओरडतात की हिला शिवू नको, चांडाळाची पोर आहे, दही नासेल. दहीवाला तिला टाळून निघून जातो. त्याच्यामागून बांगड्यावाला येतो, तोही तसाच जातो. म्हणजे एका नाटकात पैसे नसताना मिळालेलं दही दुसऱ्यात पैसे असूनही मिळत नाही. दही नासतं कशानं, याचं शास्त्र आपल्या देशात दूधवाल्यांपेक्षा धर्ममार्तंडांना जास्त ठाऊक होतं.

पुढे विहिरीवर बुद्धाचा शिष्य आनंद येतो आणि प्रकृतीकडे पाणी मागतो. ती जात सांगते. त्याला त्यात अडण्यासारखं काही दिसत नाही. तूही माणूस, मीही माणूस, एवढं बोलून तो ओंजळीनं पाणी पितो आणि चालू लागतो. मूळ कथा बौद्ध आहे, शार्दूलकर्णाच्या अवदानातली. मराठी वाचकाला पाणी आणि ओंजळ म्हटलं की महाडचं चवदार तळं आठवणार. २० मार्च १९२७. नाटकाच्या सहा वर्षं आधीची गोष्ट. आणि माझा रवींद्रनाथांशी एक वाद आहे तो इथेच. त्यांच्या नायिकेला आपण माणूस आहोत हे कळायला एक देखणा भिक्षू यावा लागला. महाडला बाबासाहेबांच्या मागून निघालेले हजारो लोक कुणी येऊन आपल्याकडे पाणी मागेल म्हणून थांबले नव्हते. तळ्यावर जाऊन ते स्वतः प्याले. इतिहास त्या दिवशी नाटकाच्या बराच पुढे होता.

पण रवींद्रनाथांना उणं ठरवून मोकळं व्हावं, तर प्रकृती आडवी येते. माणूसपण हाती लागल्यावर ती काही आदर्श वगैरे बनत नाही. ज्या धर्मानं माझा अपमान केला तो मी का पाळू, असं आईला ठणकावते, आणि त्याच तोंडानं आईला मंत्रतंत्र करायला लावते, कारण तिला आनंद हवाय, स्वतःसाठी हवाय. मंत्राच्या ओढीनं तेजहीन होत चाललेला आनंद दिसल्यावरच ती आईला हे थांबवायला सांगते. दलित स्त्री रंगवायची तर ती सोशिक, पवित्र, तुळशीपाशी डोळे मिटून उभी, असा साचा सुधारकी साहित्यानं तयारच ठेवला होता. रवींद्रनाथांनी तिला हट्टी, हावरी आणि चुकू शकणारी केलं. चुकण्याची मुभा ही फक्त वरच्या जातीच्या नायकांची मिरास होती; ती त्यांनी विहिरीवरच्या या पोरीला दिली.

आणि ही मुभा सगळ्यांकडून काढून घेतली की काय उरतं? 'रक्तकरबी'तली यक्षपुरी. रक्तकरबी म्हणजे आपली लाल कण्हेर. हे नाटक १९२३ साली शिलाँगला लिहायला घेतलं. खाणीतून सोनं उपसणारं शहर. राजा जाळीआड बसलेला, कुणाला न दिसणारा. मजुरांच्या पाठीवरच्या कपड्यावर आकडे. फागुलाल हा ४७ फ. बिशू हा ६९ ङ. मुंबईच्या गिरण्यांतला बिल्ला आणि हजेरीपट ज्यांच्या घरात एक पिढी नांदला, त्यांना हे नाटक रूपक आहे हे मुद्दाम सांगावं लागतं. बँकेत टोकन घेऊन बसलेल्यांनाही सांगावं लागेल: 'एकशे त्रेचाळीस, काउंटर तीन' अशी हाक आली की आपणही किती लगबगीनं उठतो! यक्षपुरीत सरदार आहेत, प्राध्यापक आहेत, मजुरांनी गप्प राहावं म्हणून कीर्तन सांगणारे गोसाईंही आहेत. व्यवस्थापनशास्त्राला पुढे जे सुचलं ते त्यांनी आधीच करून ठेवलेलं होतं.

या राजाकडे एक बेडूक असतो. दगडाच्या कपारीत तीन हजार वर्षं टिकलेला. टिकून कसं राहावं हे राजा त्याच्याकडून शिकला. पण जगावं कसं हे त्या बेडकालाच ठाऊक नव्हतं. शेवटी राजाला त्याचा कंटाळा आला आणि त्यानं ते दगडी घर फोडून टाकलं. तीस वर्षं एकाच खुर्चीवर काढून निरोपसमारंभात शाल-श्रीफळ घेणारे काही चेहरे हा प्रसंग वाचताना माझ्यासमोरून सरकतात, पण ते जाऊ द्या. यक्षपुरीत कुणालाही दुसऱ्या कुणासारखं व्हावंसं वाटत नाही, हे मला त्या आकड्यांपेक्षा भयंकर वाटतं. मजुराला सरदाराची भीती वाटते, राजाला सगळ्यांचा कंटाळा. हेवा वाटावा असं जगणं तिथे नाटकाची नायिका नंदिनी हिच्यापाशी तेवढं आहे, म्हणून सगळे तिच्याभोवती घोटाळतात. शंभू मित्रांनी १९५४ मध्ये 'बहुरूपी'तर्फे हे नाटक उभं केलं आणि तृप्ती मित्र नंदिनी झाल्या. तोवर हे रंगमंचावर उभं राहणारं नाटकच नव्हे, असं जाणकारांचं मत होतं.

'मुक्तधारा' या नाटकाबद्दल एवढंच, की १९२२ साली त्यात एक धरण आलं आणि आपल्याकडे मुळशीचा धरणाविरुद्धचा सत्याग्रह तेव्हा चालूच होता. त्यातली अंबा नावाची आई धरणाच्या कामावर ओढून नेलेल्या आपल्या मुलाला हाका मारत नाटकभर फिरते. आणि एक मास्तर मुलांना शिकवतो की आपल्या लोकांची नाकं उंच, म्हणून आपण थोर. मास्तर अजून नोकरीत आहे.

आता पुन्हा 'डाकघर'कडे. वॉर्सा शहरातल्या ज्यू लोकांना नाझींनी जिथे कोंडलं होतं, त्या वस्तीत यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर एक अनाथाश्रम चालवत. १८ जुलै १९४२ या दिवशी तिथल्या मुलांनी 'डाकघर' केलं. खिडकी, वैद्य, पहारेकरी, राजाच्या पत्राची वाट पाहणारा मुलगा, हे सगळं त्या मुलांनी केलं. ज्या वस्तीत रोज माणसं भुकेनं मरत होती तिथे एका पोरानं दहीवाला होऊन हाळी दिली असणार. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जवळपास दोनशे मुलांना आणि त्यांच्यासोबत कोर्चाकना ट्रेब्लिंकाला नेलं. कोर्चाकना सुटका करून घेता आली असती. त्यांनी मुलांना सोडलं नाही.

रवींद्रनाथांची एक चूक मात्र त्यांच्या पदरात घालायला हवी. दहीवाल्याच्या गावाला नाव आहे, नदीला आहे, डोंगराला आहे, दहीवाल्याला नाही. अमलनंही ते विचारलेलं नाही. नोकरांच्या राज्यात वाढल्याची खूण कुठेतरी राहणारच. तेव्हा शाळांच्या स्नेहसंमेलनांत 'डाकघर' बसवणाऱ्या बाईंना आणि सरांना एक विनंती. वेळ कमी पडला तर मुखियाला कात्री लावा, वैद्यबुवांचे श्लोक गाळा, पण दहीवाल्याचा प्रवेश पुरा होऊ द्या. तालमीच्या पहिल्या दिवशी दहीवाला झालेल्या मुलाला सांगा की या माणसाचं नाव तूच ठरव, आणि ते कार्यक्रमपत्रिकेत छापा.